कमानीवरचं दही

हरसूल, ३ ऑगस्ट १९९८

सुवर्णा,

'प्रिय' लिहिलं असतं तर चिठ्ठी वाचायच्या आधीच फाडली असतीस, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. स्वतःच्या बायकोला सायखेड्याच्या पत्त्यावर चिठ्ठी लिहायची वेळ येईल असं लग्नात कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला पंगतीतून उठवला असता.

परवा वाल्मीक नाशिकच्या स्टँडवर भेटला. मेहुणा म्हणून चहा पाजला. चहा संपल्यावर त्यानं तुझा निरोप सांगितला. "भाऊजी, ताई म्हणती, गाडीत दह्याचं गाडगं ठेवायचं आन् ते हरसूलपासून सायखेड्यापर्यंत आणायचं. दही मोडलं नाय तर ती त्या गाडीत बसंल. नायतर बाळंतपण झाल्यावरबी ती हितंच ऱ्हाईल."

मला आधी हसू आलं आणि मग राग आला. नवऱ्याची परीक्षा दह्यानं घेणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात तू एकटीच असशील.

गेल्या वर्षीचं मी विसरलेलो नाही. सहाव्या महिन्यात तुला कळा सुरू झाल्या, पाड्यावरून तुला जीपमध्ये घातलं, नाशिकच्या दवाखान्यात नेलं आणि बाळ गेलं. तू म्हणतेस गाडीच्या धक्क्यांनी गेलं. डॉक्टर म्हणाले, तसं नक्की कुणालाच सांगता येणार नाही. त्यांच्या बोलण्यानं माझंच समाधान झालं नाही, तर तुझं कसं होईल? पण तुझं एक बोलणं मला अजून सलतं. घाटापासून पुढे गाडी जास्त आदळली, तुम्ही बाजाराचे पॅसेंजर गाठायला घाई केली, असं तू सगळ्यांपुढे म्हणालीस.

अगं, बाजाराचा दिवस होता, गाडी गच्च भरलेली होती. घाटाच्या पायथ्याशी तू कण्हायला लागलीस तेव्हा पाड्यावरच्या भागीबाईनं सगळ्या बायांना हाक दिली. "उतरा गं, पोरीला आडवं होऊ द्या." पाट्या-टोपल्या घेऊन सगळी माणसं उन्हात रस्त्याच्या कडेला उभी राहिली. तुला मागच्या बाकावर गोधडी टाकून झोपवलं. तिथून नाशिकपर्यंत मी बैलगाडीला लाज वाटेल इतकी हळू गाडी चालवली. आणि तू म्हणतेस घाई केली!

असो. आषाढात मला न सांगता गेलीस, पोटात चौथा महिना आहे, तेव्हा भांडत नाही. दही तर दही.

आई म्हणते, डोक्यावरून पाणी घेऊ नकोस, सर्दी होईल. हे तिचं वाक्य आहे, माझं नाही. मी अजून रागात आहे.

ज्ञानेश


सायखेडा, वेशीवर, ३० ऑगस्ट १९९८

सुवर्णा,

ही चिठ्ठी जीपच्या बॉनेटवर लिहितो आहे. अक्षर वाकडं आलं तर त्याचा दोष बॉनेटला दे.

आईनं काल संध्याकाळी गाडग्यात विरजण लावलं. सकाळी दही असं लागलं होतं की सुरीनं वडी पाडावी. फडक्यानं तोंड बांधून गाडगं मागच्या बाकाखाली ठेवलं. गाडीत दुसरं कुणी घेतलं नाही, म्हटलं परीक्षेच्या दिवशी गर्दी नको. आत्ता वेशीवर फडकं सोडून पाहिलं. वर निवळीच निवळी, खाली कवड्या. रवी न घालता ताक झालं आहे.

फेकून देणार होतो. पण तू म्हणशील आणलंच नाही. म्हणून मामंजींच्या हातात देऊन परत फिरतो. तू दाराशी येणार नाहीस हे ठाऊक आहे. कढी करा.

आता थोडं गाडीचं सांगतो, कारण तुला वाटतं मी काहीच करत नाही. चाकांवर गाडी पेलून धरते ती कमान. पोलादी पाटे एकावर एक बसवलेले असतात. जीप घेतली तेव्हा ती इतकी बुटकी होती की आपल्या पाड्याखालची नदी ओलांडताना पाणी पायांत यायचं आणि दगड पोटाला घासायचे. म्हणून नाशकात द्वारकेजवळ कमानी बांधणाऱ्या लियाकतभाईंकडून ती उंच करून घेतली. त्यांनी कमानीत पाटे वाढवले. पाटे वाढले की गाडी उंच होते आणि वजनाला खचत नाही. पण कमान कडक होते. ती मऊ करायची म्हणजे पाटे कमी करायचे. इतकं साधं आहे. पुढच्या खेपेला बघ.

ज्ञानेश


नाशिक, द्वारका, २७ सप्टेंबर १९९८

सुवर्णा,

वाल्मीकच्या हाती गाडगं परत आलं. धुऊन, पुसून, लख्ख आणि रिकामं.

आपल्याकडे शेजारणीची वाटीसुद्धा कुणी रिकामी परत देत नाही. चिमूटभर साखर तरी घालतात. आईनं गाडग्यात हात घालून पाहिला आणि ते पालथं ठेवलं. तुला माझ्यावर राग धरायचा तर धर, पण तिच्या गाडग्यात चार मिरच्या टाकल्या असत्यास तर काय बिघडलं असतं? तुमच्या मळ्यात मिरच्यांना तोटा आहे का?

लियाकतभाईंच्या दुकानात बसलो आहे. भट्टी धगधगते आहे आणि आपल्या कमानी जमिनीवर उलगडून पडल्या आहेत. मी त्यांना म्हटलं, पाटे कमी करा, पण गाडीची उंची जाऊ देऊ नका. ते म्हणाले, "उंची पाटे जास्त वाकवून देतो. पण ज्ञानेशभाऊ, मऊ कमान आणि उंच गाडी म्हणजे उंटावर बसल्यासारखं होईल. वळणावर झोका खाईल. तुम्ही वजन किती भरणार?"

मी म्हटलं, वजनाचं सोडा, मला दही न्यायचं आहे.

त्यांनी हातातली हातोडी खाली ठेवली. मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांची खुर्शीदाभाभी पडद्याआडून ऐकत होती. तिनं तुझी बाजू घेतली. आतून म्हणाली, "सही बोली वो." म्हणजे द्वारकेपर्यंत तुझे वकील पसरले आहेत.

ज्ञानेश


सायखेडा, वेशीवर, ८ नोव्हेंबर १९९८

सुवर्णा,

फडकं सोड आणि बघ. मी आणखी काही लिहीत नाही.

(लिहितोच. कडेला एक चीर गेली आहे, ती तुमच्या गावच्या मोरीवर गेली, माझ्या कमानीवर नाही. मधलं दही आरशासारखं आहे. आता बोल.)

ज्ञानेश


हरसूल, १३ डिसेंबर १९९८

सुवर्णा,

गाडगं परत आलं, पुन्हा रिकामं. पण मामंजी स्वतः घेऊन आले आणि म्हणाले, "पोरीनं दही पाह्यलं. काय बोलली नाय, पण पाह्यलं." मला तेवढं पुष्कळ होतं.

मग त्यांनी त्यांच्या मनातलं सांगितलं. जीप विकावी, सायखेड्यात खोली घ्यावी, द्राक्षांच्या पॅकिंगला लागावं. "नातवंड त्या दगडांत कशाला नेता?" माझ्या तोंडावर म्हणाले. मी त्यांना जेवायला वाढलं आणि उत्तर दिलं नाही. ते तुला देतो.

गेल्या चिठ्ठीत मी तोऱ्यात लिहिलं, पण अर्धंच लिहिलं. मऊ कमानीवर दही येतं, माणसं येत नाहीत. गाडी भरली की कमान खाली बसते आणि प्रत्येक खड्ड्यात चाकांचा आस वरच्या रबराच्या ठोकळ्यावर आपटतो. उंच गाडी असल्यानं वळणावर सगळं अंग एका बाजूला कलतं. मागच्या बाजाराला घाटात समोरून ट्रक आला, मी गाडी कडेला घेतली, ती कलली आणि कलतच गेली. लंकाबाई दाराच्या बाजूला होती. भागीबाईनं तिचं लुगडं धरलं म्हणून ती आत राहिली. लंकाबाई म्हणजे आपल्या पाड्याची सुईण, तुझ्या नणंदेची पोरं तिच्याच हातावर झाली. खाली उतरून ती मला एवढंच म्हणाली, "ज्ञानेश, मला लय भ्याव वाटलं रं."

लियाकतभाई म्हणतात, सुवर्णाभाभींना आणायच्या दिवशी मऊ कमान बसवू, दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक. एका दिवसाचं काम आहे. मी विचार केला. खरंच केला. तुला कळलंही नसतं. पण तू एकदाच का बसणार आहेस? लेकराला ताप येईल, डोस द्यायला न्यावं लागेल, तुला माहेरी यायचं असेल. तुला एक गाडी दाखवायची आणि दुसरीत बसवायची, हे माझ्याच्यानं होणार नाही.

मी पाटे परत चढवले आहेत. गाडी पहिल्यासारखी कडक आहे. दही मोडणारी.

जीप विकली तर पाड्यावरची माणसं पावसाळ्यात नदीपलीकडे कशी जातील ते मला माहीत नाही. नदी ओलांडणारी दुसरी गाडी नाही. आणि नाही विकली तर तू येणार नाहीस. मला रात्री झोप लागत नाही, असं लिहिणार नव्हतो, पण लिहिलं.

ज्ञानेश


हरसूल, १७ जानेवारी १९९९

सुवर्णा,

मुलगी पाहिली. तुझ्या आईनं माझ्या हातात दिली तेव्हा तिनं माझ्या शर्टाची गुंडी मुठीत धरली आणि सोडेना. तू भिंतीकडे तोंड करून झोपली होतीस. झोपली नव्हतीस, हे मला कळत होतं. पायाची बोटं हलत होती.

मी बोलायला आलो होतो. बोललो नाही, कारण काय बोलायचं? चल म्हणावं, तर कशात? हरसूलपर्यंत एस.टी. आहे. पुढे नदी आणि दगड, कडेवर तान्हं लेकरू. चालत ये म्हणायचं माझं तोंड नाही.

मामंजी म्हणाले, पोरीला तिसरा महिना लागेपर्यंत वाट बघू, मग काय ते ठरवा.

तिच्या कपाळावर तुझा भोवरा आहे. हट्टी निघणार.

ज्ञानेश


नाशिक, पंचवटी, १४ फेब्रुवारी १९९९

सुवर्णा,

ही चिठ्ठी सावकाश वाच. मामंजींना नको, आधी तू वाच.

काल भागीबाईच्या भाच्याचं वऱ्हाड घेऊन नाशिकला आलो. गाडी इतकी भरली होती की क्लीनरसाठी पायरीसुद्धा उरली नव्हती. निघताना आईनं गाडगं आणून दिलं. "नाशकात जातोच हायेस तर फुडं सायखेड्याला जा. बाळंतिणीला दही चालत नाय, पन घरच्यांना चालंल. आन् पोरीला बघून ये." मी म्हटलं, आई, ताकच होणार. ती म्हणाली होऊ दे. मी गाडगं मागच्या बाकाखाली सरकवलं, पहिल्या खेपेला ठेवलं होतं तिथंच.

पंचवटीत वऱ्हाड उतरलं. बायांनी आपली गाठोडी काढली आणि भागीबाईनं गाडग्याचं फडकं वर केलं. मला हाक मारली. "ज्ञानेश, ह्ये बघ की."

दही अखंड होतं. काठाला धरून, एकही चीर नाही.

मला वाटलं, रस्ता दुरुस्त झाला असेल. पण रस्ता तोच आहे, घाटातले खड्डे मी नावानं ओळखतो. गाडी कडक कमानीची, चालवणारा मी. मी तसाच खूश होऊन सायखेड्याकडे निघालो. एकटा. रस्ता चांगला, आमच्या रस्त्याच्या मानानं गालिचाच. वेशीवर थांबलो, तुझ्यापुढे मिरवायच्या आधी एकदा बघावं म्हणून फडकं सोडलं.

निवळी आणि कवड्या.

सुवर्णा, मी गावात आलोच नाही. वेशीवरच्या बाभळीखाली खूप वेळ बसून राहिलो. घाटातून भरल्या गाडीत दही टिकलं आणि बऱ्या रस्त्यावर रिकाम्या गाडीत मोडलं. कधी मोडलं? माणसं उतरल्यावर.

तू काय म्हणत होतीस? घाटापासून पुढे गाडी जास्त आदळली. माणसं घाटापाशीच उतरली होती ना.

तू खरं बोलत होतीस. दीड वर्ष मी तुला खोटं पाडलं. आणि मीही खोटं बोलत नव्हतो, गाडी मी हळूच चालवली होती. कडक कमानीवर रिकामी गाडी हळू चालवली तरी ती उडतेच. आणि तुला झोपवलं होतं मागच्या बाकावर, बरोबर मागच्या चाकांवर, सगळ्यात वाईट जागी.

भागीबाईनं चांगल्या मनानं माणसं उतरवली. मी चांगल्या मनानं गोधडी घातली. बाळ त्यानंच गेलं की नाही हे डॉक्टरांना माहीत नाही आणि मला कधी कळणार नाही. पण तुला त्रास झाला तो खरा होता, आणि तो तुला सहन करावा लागला तेव्हा मी पुढे बसून मनात म्हणत होतो की आता तरी हिला बरं वाटत असेल.

रागावून घे. मला सवय आहे. पण मी घाई केली नव्हती एवढं आता मान.

गाडगं सोबत पाठवतो, वाल्मीक सकाळी इथल्या बाजारात फुलं घेऊन येतो त्याच्याबरोबर.

ज्ञानेश


हरसूल, १० मार्च १९९९

सुवर्णा,

गाडगं आलं. आईनं सवयीनं पालथं ठेवायला घेतलं आणि आतून दोन अळिवाचे लाडू घरंगळले. एक चुलीपाशी गेला. आईनं तो फुंकून, कपाळाला लावून खाल्ला. दुसरा माझा होता. अळिवाचे लाडू बाळंतिणीनं खायचे असतात, नवऱ्याला कशाला पाठवतेस, असं विचारणार होतो. पण खाऊन टाकला.

लियाकतभाईंना सगळं सांगितलं. ते कपाळाला हात लावून बसले. "तुम्ही मला भरलेल्या गाडीचं वजन सांगितलं, मी भरलेल्या गाडीची कमान बांधली. रिकामी गाडी कशी चालेल, हे ना तुम्ही विचारलं ना मी. कमानीला दाबायला वजन पाहिजे. वजन नसलं की ती नुसती ढकलते." मग आम्ही दोघांनी मिळून खात्री केली. भागीबाईच्या वऱ्हाडाची गोष्ट योगायोग नको म्हणून नागलीची पोती भरली, गाडगं मागच्या बाकाखाली नेहमीच्या जागी ठेवलं आणि घाट चढून उतरलो. दही राहिलं. पोती काढली आणि तोच घाट पुन्हा केला. मोडलं. तिसऱ्यांदा लियाकतभाईंनी ताज्या दह्याचं गाडगं मधल्या बाकावर ठेवायला सांगितलं, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये. पोत्यांसकट ते असं आलं की त्यांनी तिथंच बोटानं चाखलं. खुर्शीदाभाभीसाठी उरलेलं घरी नेलं.

तर कमान बदलत नाही. गाडी माणसांसाठी बांधली आहे, ती माणसांनी भरूनच चालवायची. औषधाला, डोसाला, माहेरी, कधीही तुला न्यायचं असेल तर गाडी भरल्याशिवाय मी किल्ली फिरवणार नाही. हे मी आईपुढे बोललो आहे, त्यामुळे आता सुटका नाही.

येत्या रविवारी तुम्हाला न्यायला येतो. मी पोती भरणार होतो. भागीबाईला कळलं तशी ती पाड्यावरून तरातरा आली. "पोत्यांना काय कळतंय रं? आमी येतो. त्या दिवशी आमीच उतरलो व्हतो ना?" म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. घाटात त्या दिवशी उन्हात उभ्या राहिलेल्या सगळ्या बाया येणार आहेत. लंकाबाई तर म्हणते, दाराच्या बाजूची जागा तिचीच, तिला आता भ्याव नाही. आईसुद्धा येते आहे. पहाटे निघून सायखेड्याला एवढं वऱ्हाड दारात उभं राहील, तेव्हा मामंजींना सांग, घाबरू नका, जेवायला नाही आलेत, वजन म्हणून आलेत. जेवतीलही.

मधली जागा तुझी आणि पोरीची आहे. तिथं येताना दह्याचं गाडगं ठेवून आणेन, तू फडकं सोडून बघ, मग ठरव. दही मोडलेलं निघालं तर बसू नकोस, मी वाद घालणार नाही. न मोडताही तुझं मन झालं नाही, तरी वाद घालणार नाही. कमानीला काय हवं ते मला उशिरा कळलं, तुला काय हवं ते अजून पुरतं कळलेलं नसेल.

तू नाही आलीस तर या बाया घेऊन मी परत येईन. गाडी भरलेलीच असेल, दही मोडणार नाही. पण घाटात कितीही दाटीवाटी झाली तरी मधल्या जागेवर मी कुणाला बसू देणार नाही.

तुझा,
ज्ञानेश